आधी पोकळी, मग टायर, मग रिम: घरच्या घरी गाडीची चाकं धुण्याचा क्रम

पांदणीतून आलेली गाडी अंगणात उभी केली की बहुतेक जण छतापासून धुवायला घेतात आणि चाकं शेवटी उरकतात. मग धुतलेल्या दरवाज्यांवर चिखलाचे शिंतोडे उडतात, वाळलेल्या रिमवर पांढरे ठिपके उमटतात आणि चकचकीत केलेल्या टायरवरून दुसऱ्या दिवशी तपकिरी ओघळ उतरतात. शॅम्पू महागाचा असला तरी हेच होतं, कारण चूक शॅम्पूत नसते, क्रमात असते.

क्रम असा: चारही चाकं आधी, गाडीचं अंग नंतर. प्रत्येक चाकात आधी मडगार्डच्या आतली पोकळी, मग टायर, मग रिमची आतली बाजू आणि शेवटी रिमचा दिसणारा भाग. पोकळीतला चिखल खाली टायरवर पडतो, टायरचं काळं पाणी रिमवर येतं आणि रिमच्या आतली घाण बाहेरच्या पात्यांवर उडते. उलट्या क्रमानं गेलात तर तीच जागा दोनदा धुवावी लागते. टायरचं ड्रेसिंग, म्हणजे ज्याला आपण टायर पॉलिश म्हणतो, ते पूर्ण गाडी पुसून कोरडी झाल्यावरच.

## तयारी

### पाणी

आपल्याकडं मराठवाड्यात सुरुवात पाण्यापासूनच करावी लागते. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. त्या भागात नळी मोकळी सोडून गाडी धुणं कुणालाच पटणार नाही, आणि त्याची गरजही नाही. मोकळी नळी मिनिटाला दहा-पंधरा लिटर पाणी सहज ओतते. चिखल नीट भिजवला, तर चारही चाकं आणि पोकळ्या मिळून साधारण चार बादल्यांत काम होतं.

पाणी तीन प्रकारांत वेगळं काढून ठेवा.

भिजवायला कुठलंही पाणी चालतं. आरओ फिल्टरमधून जे पाणी नळीनं मोरीत जातं, ते बादलीत साठवून इथं वापरा. त्यात क्षार जास्त असतात, पण चिखल सोडवायला त्यानं काही बिघडत नाही.

घासायला बोअरचं पाणी चालेल. ते जड असेल तर अंगाच्या साबणाला किंवा कपड्याच्या वडीला त्यात फेस येत नाही आणि पांढरी साय धरते. म्हणून वडी नको, कार शॅम्पूच घ्या. तो जड पाण्यातही बऱ्यापैकी काम करतो.

शेवटच्या धुण्याला मात्र हलकं पाणी हवं. पावसाळ्यात पत्र्यावरून पडणारं पाणी (पहिल्या एक-दोन सरी वाहून गेल्यावरचं), उन्हाळ्यात एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी किंवा आरओचं गाळलेलं पाणी. एका चाकाला दोन तांबे पुरतात. एसीच्या पाण्यात क्षार जवळपास नसतात, त्यामुळं ते वाळल्यावर डाग पडत नाही.

सावध: कूलरच्या टाकीतलं पाणी शेवटच्या धुण्याला घेऊ नका. कूलरमध्ये पाणी उडून जातं आणि क्षार मागं राहतात. टाकीत उरलेलं पाणी बोअरपेक्षाही जड झालेलं असतं.

### साधनं

बादल्या दोन: एकीत शॅम्पूचं पाणी, दुसरीत ब्रश खळबळायला साधं पाणी. या बादल्या, हे ब्रश आणि ही फडकी गाडीच्या अंगाला कधीच लावायची नाहीत. चाकाच्या फडक्यात अडकलेला वाळूचा एक कण बॉनेटवर लांबलचक चरा काढतो. चाकाच्या फडक्यांचा रंग वेगळा ठेवा, म्हणजे घाईत अदलाबदल होणार नाही.

टायरला कपडे धुवायचा नायलॉनचा ताठ ब्रश उत्तम. पोकळीला लांब दांड्याचा बाथरूमचा ब्रश. रिमच्या पात्यांना आणि नटांच्या खळग्यांना रंगाऱ्याचा दोन इंची मऊ ब्रश घ्या. त्याच्या पत्र्याच्या पट्टीवर आधी कापडी चिकटपट्टी गुंडाळा, नाहीतर तो पत्राच रिमला ओरखडे काढील. रिमच्या आतल्या बाजूला हात पोचत नाही, तिथं लाकडी काठीच्या टोकाला जुनं मायक्रोफायबर फडकं घट्ट बांधून वापरा. बाटल्या धुवायचा ब्रश घेतलात तर त्याच्या टोकाची तार उघडी नाही ना, हे बघा. तारेचा ब्रश आणि भांड्यांची घासणी या कामात कुठंच येत नाही.

पाणी मारायला फवारणीचा पंप ही आपल्याकडं घरोघरी असलेली सोय. सोळा लिटरचा बॅटरी पंप चिखल भिजवायला आणि फेस धुवायला प्रेशर वॉशरपेक्षाही सोयीचा पडतो, कारण पाणी थोडं आणि जिथं हवं तिथंच पडतं. पण या कामाला पंप वेगळा ठेवा. ज्यातून कीटकनाशक किंवा तणनाशक मारलंय तो पंप कितीही धुतला तरी गाडीला वापरू नका. चाकाशी वाकून काम करताना उडालेले तुषार सरळ नाका-डोळ्यांत जातात.

### रसायनं

तीन पुरेत: कार शॅम्पू, टायर आणि प्लॅस्टिकसाठी ऑल पर्पज क्लीनर, आणि पाण्यात विरघळणारं टायर ड्रेसिंग. लोखंडी कण काढणारं आयर्न रिमूव्हर चौथं, ते कधीतरीच लागतं. क्लीनर बाटलीवर सांगितल्याप्रमाणं पातळ करा. माप दिलेलं नसेल तर टायरला एक भाग क्लीनरला चार-पाच भाग पाणी आणि पोकळीला दहा भाग पाणी, इथून सुरुवात करा.

आता सगळ्यात जास्त होणारी चूक. अलॉय व्हील पांढरं पडलं की काही जण संडास धुवायचं ॲसिड लावतात. डाग क्षणात जातो, म्हणून ते खूश होतात. त्या बाटलीत हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. अलॉयवरचा पारदर्शक थर जिथं उडालाय तिथून ते ॲल्युमिनियममध्ये उतरतं आणि काही आठवड्यांनी तिथं राखाडी चट्टे येतात, जे पुन्हा रंग दिल्याशिवाय जात नाहीत. कपड्याच्या पावडरीचीही तीच गत, फक्त उलट बाजूनं: तिच्यातला सोडा उघड्या ॲल्युमिनियमला काळपट करतो. आणि ॲसिडच्या जोडीला ब्लीच तर चुकूनही वापरू नका, त्या दोन्हींतून क्लोरीन वायू निघतो.

## टप्पा १: गाडी उभी करा, चाक गार होऊ द्या

सपाट जागा, सावली, आणि पाणी गटारीत न जाता मातीत मुरेल अशी बाजू. काळी माती गटारीत गेली की बसते आणि गटार तुंबते. पोकळीखाली घमेलं सरकवून ठेवा, निम्म्याहून जास्त चिखल त्यातच पडेल. तो भाजीच्या वाफ्यात टाकू नका, त्यात ब्रेकची भुकटी आणि तेल असतं.

गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा आणि ज्या चाकांवर काम नाही तिथं पुढं-मागं दगड लावा. जॅकवर उचललेल्या गाडीच्या पोकळीत डोकं घालून काम करायचं नाही. या कामाला चाक काढायची गरजच नसते.

धारूरचा घाट उतरून आलात किंवा हायवेनं जालन्याहून आलात, तर अर्धा-पाऊण तास थांबा. तापलेल्या ब्रेक डिस्कवर गार पाणी पडलं तर ती वाकडी होऊ शकते. आणि तापलेल्या रिमवर रसायन पसरायच्या आत वाळतं, त्याचा डाग मूळ घाणीपेक्षा चिवट निघतो. एप्रिल-मे महिन्यात सकाळी आठच्या आत काम संपवा. ऊन चढल्यावर उभ्या गाडीचं काळं टायरसुद्धा हात लावू देत नाही.

तपासणी: हाताची मागची बाजू आधी रिमजवळ न्या, मग रिमला टेकवा. दहा सेकंद आरामात ठेवता आली तर पुढं जा.

## टप्पा २: चिखल भिजवा, खरवडू नका

काळ्या मातीच्या चिखलाला लाल मातीचा किंवा मुरमाचा नियम लागत नाही. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते. उन्हाळ्यात रानाला भेगा पडतात त्या यामुळंच. गाडीवरही ती तसंच वागते. पूर्ण ओली असताना धुतली तर पाण्याबरोबर जाते. पूर्ण वाळल्यावर पाणी दिलं तर गोळा आतून फुटतो आणि ढेपाळतो. मधल्या अवस्थेत, अर्धवट ओली असताना, ती पुरणासारखी ब्रशला आणि हाताला चिकटत राहते; घासाल तितकी पसरते. रात्री उशिरा चिखलातून आलात आणि लगेच धुणं जमणार नसेल, तर सकाळी अर्धवट ओल्या चिखलाशी झटू नका. दुसऱ्या दिवसापर्यंत वाळू द्या आणि मग भिजवा.

भिजवण्याची रीत अशी. पंपानं चारही पोकळ्यांवर हलका फवारा मारा. पाच मिनिटं थांबा, पुन्हा मारा. जिथं गोळा जाड आहे, विशेषतः पोकळीच्या वरच्या कमानीत आणि मागच्या खालच्या कोपऱ्यात, तिथं गोणपाटाचा तुकडा पाण्यात बुडवून गोळ्यावर दाबून बसवा. टायर आणि गोळ्याच्या मध्ये तो आपोआप अडकून राहतो. पंधरा-वीस मिनिटांनी गोणपाट ओढलं की त्याच्याबरोबर अख्खी ढेप घमेल्यात पडते. खाली राहतो तो हाताच्या बोटानं निघणारा पातळ थर. हे एकदा केलंत की पुन्हा स्क्रू ड्रायव्हर घेऊन पोकळीत खरवडणार नाही. खरवडल्यानं प्लॅस्टिकचं अस्तर फाटतं, पत्र्याचा रंग निघतो आणि गंज तिथूनच सुरू होतो. शिवाय त्याच पोकळीतून ब्रेकची रबरी नळी आणि एबीएसच्या (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) सेन्सरची वायर जाते.

## टप्पा ३: पोकळी धुणं

पुढच्या चाकांसाठी स्टिअरिंग आधी एका बाजूला पूर्ण वळवा. पोकळीचा एक भाग मोकळा होतो, तो धुवा. मग दुसऱ्या बाजूला पूर्ण वळवून उरलेला भाग. स्टिअरिंग सरळ ठेवून धुतलेल्या पोकळीत निम्मा चिखल तसाच असतो, फक्त तो दिसत नाही. मागच्या चाकांना ही सोय नाही, तिथं लांब दांड्याचा ब्रश.

आता आत हात घालून बघा, पोकळी कशाची आहे. बहुतेक नव्या गाड्यांना काळ्या प्लॅस्टिकचं अस्तर असतं. त्याला पातळ क्लीनर मारून ब्रश फिरवा आणि धुवा. काही गाड्यांना लोकरीसारखं दाट कापडी अस्तर असतं. ते पाणी पितं, त्यामुळं क्लीनर अगदी पातळ घ्या आणि साधं पाणी दोनदा मारा, नाहीतर साबण आत राहतो आणि धूळ धरतो. जुन्या जीपगाड्यांत आणि पिकअपमध्ये नुसता रंगवलेला पत्रा असतो. तिथं घासताना रंगाचे पापुद्रे सुटले तर घासणं थांबवा. वाळल्यावर गंजरोधक लावून घ्यायची ती जागा आहे, म्हणून खुणेला मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

एक जागा जवळजवळ सगळे विसरतात. मडगार्डची बाहेरची कड आतल्या बाजूला दुमडलेली असते. त्या दुमडीत बोट फिरवा. ओला गाळ महिनोन्‌महिने तिथं बसून राहतो आणि पत्रा आतून कुजतो. बाहेरून रंगाला फुगवटा दिसेपर्यंत काम पुढं गेलेलं असतं. जुना टूथब्रश घेऊन ही कड एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साफ करा.

ऊसतोडीच्या दिवसांत ट्रॉल्यांमधून सांडलेलं पाचट अस्तराच्या मागं आणि सायलेन्सरच्या बाजूला अडकतं. ते धुवून निघत नाही, हातानं ओढून काढावं लागतं. सायलेन्सरजवळ वाळकं पाचट राहू देणं धोक्याचं आहे.

सावध: प्रेशर वॉशर वापरत असाल तर तोंड किमान एक फूट लांब ठेवा आणि एका जागी रोखू नका. टायरची कड, हवा भरायचा व्हॉल्व्ह, ॲक्सलवरचं रबरी बूट, बेअरिंगचं सील आणि वायरचे जोड, यांवर सरळ धार नको.

तपासणी: पोकळीतून खाली पडणारं पाणी बघा. ते गढूळ येतंय तोवर टायरला हात लावू नका.

## टप्पा ४: टायर घासणं

टायर तपकिरी दिसतो तो नेहमी धुळीमुळंच असं नाही. रबराला हवेतल्या ओझोननं भेगा पडू नयेत म्हणून त्यात घातलेली रसायनं हळूहळू वर येतात आणि हवा लागली की तपकिरी होतात. त्यावर जुन्या पॉलिशचा थर असतो आणि त्यात धूळ. टायर काळं दिसायला हे सगळं निघायला हवं, आणि ते नुसत्या पाण्यानं निघत नाही.

एका वेळी एकच चाक. क्लीनर कोरड्या टायरवर नको, ओलसर टायरवर मारा. अर्धा-एक मिनिट थांबा आणि ताठ ब्रशनं घासा. कंपनीचं नाव आणि मापाची उठावाची अक्षरं असतात तिथं गोल फिरवा, बाकी कडेनं पुढं-मागं. फेस वाळू देऊ नका.

पहिला फेस चहाच्या रंगाचा येतो. धुवा, पुन्हा क्लीनर मारा, पुन्हा घासा. दुसरा फेस फिका येईल. फेस पांढरा राहीपर्यंत हे करायचं. जुन्या पॉलिशचे थर असतील तर तीन-चारदा. बहुतेक जण पहिल्याच फेऱ्यात थांबतात आणि त्या तपकिरी थरावर ड्रेसिंग लावतात. मग पहिल्या पावसात तोच थर ड्रेसिंगसकट ओघळतो आणि दोष बाटलीला दिला जातो.

तपासणी: टायर धुवून पांढरं सुती फडकं कडेवर दाबून घासा. फडक्यावर तपकिरी आलं तर अजून एक फेरा. हलकं काळसर आलं तर ते रबर आहे, थांबा.

इतकं कडक घासणं महिन्या-दीड महिन्यातून एकदा पुरे. मधल्या धुण्यांना शॅम्पूचं पाणी. दर आठवड्याला क्लीनरनं खरडत राहिलात तर रबर वाचवणारी ती रसायनंही तुम्हीच काढून टाकाल.

टायर स्वच्छ आणि ओलं असताना दोन मिनिटं त्याच्याकडं नीट बघा, एरवी हे दिसत नाही. कडेला फुगवटा किंवा आतले धागे दिसण्याइतका काप असेल तर ते टायर बदलायचं. नक्षीच्या खाचांमध्ये रबराच्या आडव्या छोट्या पट्ट्या असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली म्हणजे १.६ मिलिमीटरच उरली, ते टायर संपलं. कडेवर चार आकड्यांचा शिक्का असतो: २३२१ म्हणजे २०२१ सालातला तेविसावा आठवडा, टायर बनल्याची तारीख.

आणि काटे. शेतरस्त्यानं फिरणाऱ्या गाडीच्या टायरात बाभळीचे काटे मोडून बसलेले असतातच. ट्यूबलेस टायरातला काटा घरी उपसू नका, कारण भोक त्यानंच बुजवलेलं असतं. काट्याच्या बुडाशी शॅम्पूचा फेस लावा आणि मिनिटभर बघा. बुडबुडे वाढत गेले तर हवा निघते आहे. गाडी पंक्चरवाल्याकडं नेऊनच काटा काढा. बुडबुडे नसतील तर काटा वरवर रुतलेला असण्याची शक्यता जास्त, तरी खडूनं खूण करून ठेवा आणि पुढच्या वेळी हवा भरताना त्याला दाखवा.

## टप्पा ५: रिम, आधी आतून

साध्या स्टीलच्या रिमवर प्लॅस्टिकचं व्हील कव्हर असेल तर ते काढा. बहुतेक कव्हरं क्लिपांवर असतात, दोन्ही हातांनी कडेला धरून सरळ बाहेर ओढली की निघतात. काही नटांखाली दाबलेली असतात; ओढून आली नाहीत तर जोर करू नका, तशीच जागेवर धुवा.

रिमच्या आतल्या बाजूची घाण कुणाला दिसत नाही, पण स्टिअरिंगला कळते. काळ्या मातीची ढेप रिमच्या आत एका बाजूला वाळून बसली की चाकाचा तोल जातो आणि गाडी ८०-९० च्या वेगाला थरथरायला लागते. लोक अलाइनमेंट-बॅलन्सिंगला जातात, आणि चिखल तसाच ठेवून बॅलन्सिंग केलं तर तो निघाल्यावर पुन्हा तोल बिघडतो. पावसाळ्यात थरथर सुरू झाली की आधी रिम आतून धुवा.

काठीला बांधलेलं फडकं शॅम्पूच्या पाण्यात बुडवा, पात्यांच्या मधून आत घाला आणि गोल फिरवा. मागं ब्रेकचा भाग आहे तिथं काठी अडकेल. गाडी अर्धा फेरा पुढं सरकवून उरलेला भाग घ्या. सरकवताना दगड काढायला आणि पुन्हा लावायला विसरू नका. रिमच्या आत चिकटवलेले छोटे चौकोनी धातूचे तुकडे लागतील. ती बॅलन्सिंगची वजनं आहेत, त्यांना उचकटू नका. चिखल सोडवताना एखादं निघालंच तर त्या चाकाचं बॅलन्सिंग पुन्हा करून घ्या.

आतून झालं की बाहेरची पाती मऊ ब्रशनं. नटांचे खळगे, व्हॉल्व्हच्या भोवती, मधल्या टोपीची कड. व्हॉल्व्हची टोपी घट्ट बसलेली आहे ना बघा. ती नसेल तर धूळ आणि पाणी आत जाऊन व्हॉल्व्ह गळायला लागतो. ब्रश दर दोन-तीन पात्यांनंतर साध्या पाण्याच्या बादलीत खळबळा, मगच शॅम्पूत बुडवा. हे टाळलंत तर तळाशी बसायची वाळू तुम्ही रिमवर फिरवत राहता.

## टप्पा ६: लोखंडी कण, डांबर आणि पांढरे डाग (दर वेळी नाही)

शॅम्पूनं धुतल्यावरही रिमवर बारीक तांबूस ठिपके राहिले आणि बोटाला खरखर लागली, तर ते ब्रेकमधून उडालेले लोखंडाचे कण आहेत. तापलेले असताना ते रिमच्या वरच्या थरात रुततात. दोन-तीन महिन्यांतून एकदा आयर्न रिमूव्हर पुरे. चाक गार आणि सावलीत असताना मारा. तीन-चार मिनिटांत ते जांभळं होऊन ओघळतं. जांभळं झालं म्हणजे लोखंडाशी त्याची क्रिया झाली. वाळायच्या आत धुवा. डिस्कवरही जांभळं दिसेल, घाबरू नका, ती लोखंडाचीच आहे. भरपूर पाणी मारा. वास सडक्या अंड्यासारखा येतो म्हणून मोकळ्या हवेत काम करा, हातमोजे आणि चष्मा घाला.

रस्त्याची कामं चालू असलेल्या भागातून आलात तर रिमवर आणि पोकळीच्या मागच्या पत्र्यावर डांबराचे थेंब असतात. टार रिमूव्हर नसेल तर फडक्याच्या कोपऱ्यावर थोडं रॉकेल घ्या, थेंबावर अर्धं मिनिट दाबून ठेवा, पुसा आणि ती जागा लगेच शॅम्पूनं धुवा. रॉकेल टायरला लागू देऊ नका.

जड पाण्याचे पांढरे ठिपके साध्या पांढऱ्या व्हिनेगरमध्ये तितकंच पाणी घालून काढता येतात. फडक्यानं लावा, मिनिटभर ठेवा, धुवून टाका. रिमचा वरचा थर उडालेला असेल, धातू उघडा दिसत असेल, तर हेही नको.

## टप्पा ७: हलकं पाणी आणि पुसणं

आता बाजूला ठेवलेलं एसीचं किंवा पावसाचं पाणी. रिमवर वरून तांब्यानं सोडा आणि लगेच चाकाच्या फडक्यानं पुसा. नटांच्या खळग्यांत पाणी साठतं, तिथं फडक्याचं टोक पिळून घाला. चारही चाकं अशी झाल्यावर गाडीचं अंग धुवा, पुसा. अंग धुताना चाकांवर थोडं पाणी उडणारच, ते शेवटी एकदा टिपून घ्या.

## टप्पा ८: टायरचं ड्रेसिंग

टायर पूर्ण कोरडं हवं, कडेवरच्या अक्षरांच्या खाचांसकट. ओलसर रबरावर ड्रेसिंग बसत नाही, तरंगतं.

ड्रेसिंग पाण्यात विरघळणारं, दुधासारखं दिसणारं घ्या. तेलकट आणि चकचकीत प्रकार आपल्या भागात मुळीच घेऊ नका. गावाच्या वेशीपर्यंत जाईतो त्यावर धुळीचा थर बसतो आणि टायर धुण्याआधीपेक्षा वाईट दिसतं. मंद, काळंभोर दिसणारं ड्रेसिंग धूळ कमी धरतं.

स्पंजवर दोन-तीन थेंब घ्या आणि कडेवर पातळ पसरवा. टायरवर थेट फवारू नका. ते डिस्कवर, ब्रेक पॅडवर आणि दरवाज्यावर जातं. दहा-पंधरा मिनिटांनी कोरड्या फडक्यानं जास्तीचं पुसून घ्या. हे पुसणं टाळलं की चाक फिरल्यावर काळे ठिपके मडगार्डवर उडतात. नंतर अर्धा तास गाडी हलवू नका.

सावध: रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीवर ड्रेसिंग लावायचं नाही, ती जागा घसरती होते. मोटारसायकलच्या टायरला तर कडेलाही नाही. वळणावर गाडी कडेपर्यंत झुकते.

प्लॅस्टिकच्या अस्तराला हेच ड्रेसिंग निम्मं पाणी घालून लावलं तर पुढच्या वेळी चिखल लवकर सुटतो. कापडी अस्तराला काहीच लावू नका.

आता डिझेल आणि जळकं ऑइल. कितीतरी ठिकाणी गाडी धुतल्यावर पोकळीत आणि चाकांवर डिझेलचा फवारा मारून देतात आणि आपण तो हौसेनं मारून घेतो. चार दिवस सगळं काळं कुळकुळीत दिसतं. डिझेल, रॉकेल, पेट्रोल, जळकं ऑइल हे सगळं रबरात मुरतं, रबर फुगतं आणि मऊ पडतं. पोकळीत टायर एकटं नसतं: सस्पेन्शनचे रबरी बुश, ॲक्सलचं बूट, ब्रेकची नळी, सगळं तिथंच असतं. त्यावर धूळ बसली की तो चिकट लगदा पुढच्या वेळी शॅम्पूनं निघत नाही. गाडी बाहेर धुवायला टाकलीत तर चावी देतानाच सांगा, डिझेल मारायचं नाही. काही जण पॉलिशऐवजी ग्लिसरीन लावतात; ते रबराला इजा करत नाही, पण धूळ ओढतं आणि पहिल्या पावसात वाहून जातं.

## टप्पा ९: ब्रेक वाळवा, मगच गाडी लावा

धुतलेली गाडी लगेच हँडब्रेक ओढून रात्रभर ठेवू नका. ओले पॅड डिस्कला किंवा मागचे लायनर ड्रमला चिकटतात आणि सकाळी गाडी निघताना खट्‌कन आवाज येतो. एक-दोन किलोमीटर सावकाश चालवा आणि मोकळ्या रस्त्यावर चार-पाच वेळा हलका ब्रेक दाबा. पहिल्या एक-दोन वेळा ब्रेक थोडा उशिरा लागल्यासारखा वाटेल, म्हणून पुढच्या गाडीपासून अंतर ठेवा. डिस्कवर तासाभरात तांबूस थर दिसला तर काळजी नको, तो वरवरचा गंज दोन-चार ब्रेकांत जातो.

घरी आल्यावर सपाट जागेत पहिल्या गिअरवर, दगड लावून, हँडब्रेक न ओढता ठेवा. दुसऱ्या दिवशी सकाळी चाकं गार असताना हवा तपासा. किती हवी ते ड्रायव्हरच्या दरवाज्याच्या चौकटीवरच्या स्टिकरवर दिलेलं असतं. टायरच्या कडेवर छापलेला आकडा ही त्याची कमाल मर्यादा आहे, तेवढी हवा भरायची नसते.

ब्रश आणि स्पंज त्याच दिवशी साध्या पाण्यात खळबळून केस खाली करून टांगा. बादलीत तसेच ठेवले तर काळी माती केसांत वाळते आणि पुढच्या वेळी तोच ब्रश रिमवर ओरखडे काढतो. रसायनांच्या बाटल्या मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशा उंच फळीवर सावलीत ठेवा. त्या डिकीत राहू देऊ नका. मे महिन्यात बंद गाडीतल्या उष्णतेनं ड्रेसिंग फाटतं आणि पाणी वेगळं होतं.